परत येतानाही न सुटणारा पीळ

आमच्या गावच्या साखर कारखान्यात बाबा प्रयोगशाळेत कामाला होते. गळीत हंगामात शाळा सुटली की मी तिथे जाऊन बसत असे. नितळ केलेला उसाचा रस वीस सेंटीमीटरच्या नळीत भरून ते पोलरीमीटरमध्ये ठेवत आणि रसाने प्रकाशाचे ध्रुवीभवन, म्हणजे त्याच्या लहरींच्या कंपनाची दिशा, किती अंश उजवीकडे वळवले, यावरून त्यातल्या साखरेचे प्रमाण, म्हणजे ‘पोल’, काढत. आज ड्रेस्डेनमध्ये मी तेच मोजते आहे, फक्त रसाच्या जागी नखाएवढा चकचकीत स्फटिक आहे.

हा स्फटिक कोबाल्ट, कथील आणि गंधक यांचा आहे. 2018 मध्ये इथल्याच माक्स प्लांक संस्थेतल्या संशोधकांनी त्यातला प्रचंड असंगत हॉल परिणाम (बाहेरचे चुंबकीय क्षेत्र नसतानाही विजेच्या प्रवाहाला आडव्या दिशेने विद्युतदाब निर्माण होणे) जगापुढे ठेवला, आणि 2019 मध्ये त्याची चुंबकीय वाइल सेमीमेटल ही ओळख पक्की झाली. हेर्मान वाइल यांनी 1929 मध्ये वस्तुमान नसलेल्या कणांसाठी एक समीकरण मांडले होते. या स्फटिकात इलेक्ट्रॉनांचे दोन ऊर्जापट्टे, म्हणजे त्यांना शक्य असलेल्या ऊर्जांचे पट्टे, ज्या बिंदूंपाशी एकमेकांना टेकतात, तिथे इलेक्ट्रॉन त्याच समीकरणाप्रमाणे वागतात.

सरळ ध्रुवीकृत प्रकाश म्हणजे डावीकडे आणि उजवीकडे फिरणाऱ्या दोन प्रकाशांची बेरीज होय. चुंबकीय स्फटिकावरून परावर्तित होताना या दोघांत थोडी तफावत पडते, म्हणून बेरजेची दिशा वळते. जॉन केर यांनी 1877 मध्ये चकचकीत लोखंडी चुंबकध्रुवावर हे पाहिले होते. आमच्या स्फटिकात पट्टे जिथे जवळ येतात तिथे इलेक्ट्रॉनांना ही तफावत पाडण्याची विशेष ताकद येते, आणि अवरक्त प्रकाशाची अल्प ऊर्जा नेमकी त्याच जागेला हात घालते.

रसातले वळण आणि हे वळण यांत मात्र मूलभूत फरक आहे, आणि मला सर्वाधिक भावते ते हेच. रसातून गेलेला प्रकाश आरशावरून त्याच वाटेने परत पाठवला तर जाताना पडलेला पीळ येताना सुटतो. चुंबकामुळे पडलेला पीळ परत येतानाही सुटत नाही, उलट दुप्पट होतो, कारण त्याची दिशा प्रकाशाच्या वाटेवर नव्हे तर चुंबकत्वाच्या दिशेवर ठरते. फॅरडे यांना 1845 मध्ये लंडनमध्ये चुंबकीय क्षेत्रात ठेवलेल्या शिसेयुक्त काचेत असेच वळण सापडले होते.

त्याच फॅरडे परिणामाने मला पहिले दोन आठवडे चकवले. हा स्फटिक 177 केल्विनच्या, म्हणजे उणे 96 अंश सेल्सिअसच्या, खालीच चुंबक बनतो. पण माझ्या आलेखात 200 केल्विनलाही वळण दिसत होते. ते स्फटिकाचे नव्हतेच, शीतपात्राच्या काचेच्या खिडकीचे होते. चुंबकीय क्षेत्र वाढवले की ते सरळ रेषेत वाढे आणि क्षेत्र शून्यावर आणले की नाहीसे होई. ती रेषा वजा करून द्रवरूप नायट्रोजनने तापमान आणखी उतरवले, तेव्हा 170 केल्विनच्या सुमारास आलेखात एक छोटा चौकोनी फास उघडला. क्षेत्र शून्यावर आणले तरी वळण जागच्या जागी राहिले. उलट दिशेने क्षेत्र वाढवत नेले, तेव्हा एका क्षणी ते उडी मारून दुसऱ्या बाजूला गेले. ते मी चार वेळा पुन्हा मोजले, आणि मग बाबांना फोन लावला.