तारखांची वही

सोनोग्राफीच्या रिपोर्टमध्ये ‘पॉलिसिस्टिक’ हा शब्द वाचला आणि पोटात गाठी आहेत म्हणून मी रात्रभर जागी. दुसऱ्या दिवशी डॉक्टर म्हणाल्या, गाठी नाहीत त्या. स्त्रीबीजं असलेल्या बारीक पिशव्या, वाढता वाढता मध्येच थांबलेल्या. आणि नुसत्या सोनोग्राफीवर पीसीओएस (पॉलिसिस्टिक ओव्हरी सिंड्रोम, म्हणजे पाळी बिघडवणारा हार्मोनचा गोंधळ) ठरतही नाही. लांबलेली पाळी, वाढलेले पुरुषी हार्मोन (रक्तात किंवा सरळ हनुवटीवर) आणि सोनोग्राफी, या तिन्हींतल्या दोन गोष्टी जुळाव्या लागतात. थायरॉइड आणि प्रोलॅक्टिन (दूध तयार करणारं हार्मोन) तपासून, पाळी त्यांच्यामुळे तर लांबत नाही ना, हा संशयही आधी फेडावा लागतो. माझ्या तिन्ही जुळल्या. एवढे पैकीच्या पैकी मला शाळेत कधी मिळाले नव्हते.

त्या दिवशी एक वही केली. पाळीची तारीख आणि मागच्या पाळीपासून किती दिवस झाले, एवढंच लिहायचं. पहिला आकडा ९४.

मग सुरू झाला माझा ‘बंद’चा काळ. साखर बंद, दूध बंद, गहू बंद, रात्रीचं जेवण बंद. गोळ्या तर नकोतच, सगळं नैसर्गिक! दोन महिन्यांत वजन उतरलं. तिसऱ्या महिन्यात एका रात्री बिस्किटांचा अख्खा पुडा उभ्या उभ्या संपवला आणि तिथून ते व्याजासकट परत आलं. पाळीचा पत्ताच नव्हता. वहीत दिवस मोजत शंभराच्या पुढे गेले तेव्हा गुपचूप दवाखाना गाठला.

डॉक्टर रागावल्या नाहीत, पण स्पष्ट बोलल्या. पाळी महिनोन्‌महिने आली नाही तर गर्भाशयाचं अस्तर साठत राहतं, आणि असं वर्षानुवर्षं चाललं तर कॅन्सरचा धोका वाढतो. म्हणून ९० दिवसांच्या वर थांबायचं नाही. प्रोजेस्टेरॉनच्या गोळ्या घेतल्या, पाळी आली. वहीत त्या तारखेपुढे ‘गोळीने’ असं लिहिताना हरल्यासारखं वाटलं होतं. आता त्याचं हसू येतं.

त्याच भेटीत मानेवरचा काळपटपणा त्यांनी पाहिला. मी तो वर्षभर साबणाने घासत होते! तो मळ नव्हताच, वाढलेल्या इन्शुलिनची खूण होती. शरीर इन्शुलिनला दाद देत नाही, म्हणून ते जास्त तयार होतं, आणि ते जास्तीचं इन्शुलिन बीजांडकोशांना पुरुषी हार्मोन वाढवायला लावतं. हे कळल्यावर व्यायामाकडे बघायची नजर बदलली. काम करणारा स्नायू रक्तातली साखर इन्शुलिनवाचूनही ओढून घेऊ शकतो. म्हणजे वजनकाट्यावर काही दिसण्याआधीच चालण्याचा उपयोग सुरू झालेला असतो. मला काट्याचा धाक होता, तो इथे सुटला.

जेवणानंतर पंधरा मिनिटं चालणं, आठवड्यातून दोनदा वजनं उचलणं. आठवड्याला १५० मिनिटं भरली की बास. खाण्यात बंद काहीच नाही. प्रत्येक जेवणात प्रथिनं आणि भाज्या आधी, बाकीचं मागून. पीसीओएससाठी अमुकच एक आहार सरस असं काही सिद्ध झालेलं नाही, हे डॉक्टरांकडून ऐकलं तेव्हा मला केवढं हलकं वाटलं! सगळ्यात अवघड गेली ती झोप. फोन दुसऱ्या खोलीत ठेवायला लागल्यावर कुठे ती जमली.

वर्षभरात वजन ७६ वरून ७१ किलोवर आलं. दिसायला काही विशेष नाही, पण मूळ वजनाच्या पाच-दहा टक्के उतरलं तरी अनेकींची पाळी सुधारते. वहीतले आकडे: ६१, ४७, ५२, ४१, ३८. त्यातले ५२ रात्रपाळ्यांच्या महिन्यातले.

हनुवटीवरचे केस मात्र हटलेले नाहीत. नवे कमी येतात, जुने चिमट्याने काढते. मानेचा रंग उजळलाय.

आज ३६ वा दिवस आहे. पोट थोडं दुखतंय.