तळ्याची फिल्म, पुढची नोंद: चार कॅमेरे, एक टाइमलाइन

मामाचं आणि माझं तळ्याचं जुनं-नवं चित्रण जोडून जी फिल्म करतोय, तिची टाइमलाइन (एडिटिंगमध्ये क्लिप मांडायची पट्टी) पक्की झाली: १९२०×१०८०, फ्रेम रेट सेकंदाला ५०. डाविंची रिझॉल्व्ह या एडिटिंग सॉफ्टवेअरमध्ये एकदा क्लिप आत घेतल्या की प्रोजेक्टचा फ्रेम रेट बदलता येत नाही, रिझोल्यूशन मात्र कधीही बदलता येतं. त्यामुळे जास्त डोकं ५० या आकड्यावर खर्च केलं, पण लोक विचारतात ते रिझोल्यूशनबद्दलच: ४के (३८४०×२१६०) का नाही?

सामान काय आहे ते आधी सांगतो. एकच तळं, जवळपास एकच काठ, वेगवेगळ्या वर्षांतलं चित्रण. मामाने मिनीडीव्ही (पुढे नुसतं डीव्ही) टेपवर केलेलं ७२०×५७६, नंतर त्याच्याच एचडीव्ही (टेपवरच, पण एचडी) कॅमकॉर्डरवरचं १४४०×१०८०, मधल्या काळातलं फोनवरचं (यातलं बरंचसं उभं), आणि माझ्या मिररलेस कॅमेऱ्यावरचं ३८४०×२१६०. शिवाय थोडे २४ मेगापिक्सेलचे फोटो.

डीव्हीच्या एका फ्रेममध्ये ४,१४,७२० पिक्सेल असतात आणि ४केच्या फ्रेममध्ये ८२,९४,४००. बरोबर वीसपट. ४केची टाइमलाइन घेतली तर डीव्हीच्या ५७६ ओळी २१६० पर्यंत, म्हणजे पावणेचार पट ताणाव्या लागतात. १०८० ला तोच ताण १.८७५ पट. फिल्मचा अर्ध्याहून जास्त वेळ पडद्यावर मामाच्या टेपाच आहेत. सगळ्यात भारी क्लिप कोणती यावरून टाइमलाइन ठरवायची पद्धत मला कधी पटली नाही. जास्त वेळ काय दिसणार आहे, ते बघून ठरवावं. दोन टोकांमधली दरी जितकी लहान, तितका कट कमी टोचतो.

१०८० चा दुसरा फायदा मिररलेसच्या क्लिपना मिळतो. एकतर दुपटीपर्यंत झूम करूनही खरे पिक्सेल शिल्लक राहतात. दुसरं म्हणजे माझा कॅमेरा ४:२:० मध्ये रेकॉर्ड करतो, म्हणजे रंगाची माहिती मुळात १९२०×१०८० एवढीच असते. फ्रेम १०८० ला उतरली की प्रत्येक पिक्सेलला स्वतःचा रंग मिळतो. शेवाळ्याच्या कडा यात फार छान येतात.

आता स्केलिंग. रिझॉल्व्हमध्ये प्रोजेक्ट सेटिंग्जच्या इमेज स्केलिंगमध्ये न जुळणाऱ्या क्लिपसाठी चार पर्याय आहेत: न बदलता मध्यभाग कापणं, फ्रेम भरेल एवढं मोठं करून जादाचं कापणं, अख्खं चित्र बसवणं आणि चारी कोपऱ्यांपर्यंत ताणणं. मूळ सेटिंग अख्खं चित्र बसवण्याचं असतं आणि मी तेच ठेवलंय. वेगळं काही हवं असेल तर त्या एका क्लिपपुरतं इन्स्पेक्टरमधून (क्लिपच्या सेटिंगचा रकाना) बदलतो. अख्ख्या प्रोजेक्टला ‘भरून काप’ लावलं तर उभ्या क्लिपची डोकी गुपचूप उडतात आणि ते महिनाभर कुणाच्या लक्षात येत नाही.

प्रीमिअर हे दुसरं एडिटिंग सॉफ्टवेअर वापरणाऱ्यांसाठी इथे एक खाचखळगा सांगून ठेवतो. ‘स्केल टू फ्रेम साइज’ आणि ‘सेट टू फ्रेम साइज’ दिसायला जुळी भावंडं, पण वागणूक वेगळी. पहिलं क्लिपला सीक्वेन्सच्या (प्रीमिअरमधल्या टाइमलाइनच्या) आकारात आणून ठेवतं, त्यानंतर झूम केलात तर ४केचा काही उपयोग नाही, कमी झालेलेच पिक्सेल ताणले जातात. दुसरं फक्त मोशनमधला स्केलचा आकडा बदलतं, मूळ पिक्सेल हाताशी राहतात. मिश्र फूटेजसाठी दुसरंच. रिझॉल्व्हमध्ये अशी अडचण कंपाउंड क्लिपला (अनेक क्लिप जोडून केलेली एक) येते: ती टाइमलाइनच्या आकारात तयार होते, म्हणून झूम आधी, कंपाउंड नंतर.

खरा वेळ गेला तो डीव्हीवर.

या टेपांमध्ये इंटरलेस चित्र आहे, सेकंदाला ५० फील्ड; फील्ड म्हणजे एकाआड एक ओळींची अर्धी फ्रेम. एका फ्रेममधल्या सम आणि विषम ओळी वेगवेगळ्या क्षणांच्या असतात. हे तसंच ताणलं तर दोन क्षणांच्या ओळी एकमेकींत मिसळतात आणि पाण्यावरची प्रत्येक लाट दातेरी होते. एकदा मिसळल्यावर ते कुठल्याही फिल्टरने सुटत नाही. म्हणून आधी डीइंटरलेस (फील्ड सुटी करून पूर्ण फ्रेम बनवणं), मगच आकार. मी हे काम बाहेर एफएफएमपेग या कमांडने चालणाऱ्या टूलमध्ये करतो, बीडब्ल्यूडिफ फिल्टरने. तो मुळातच प्रत्येक फील्डची एक पूर्ण फ्रेम करून देतो, म्हणजे ५० फील्डच्या ५० फ्रेम. जुना याडिफ फिल्टर वेगळं काही न सांगता वापरला तर २५ च देतो आणि अर्धी हालचाल फेकून देतो. पाण्यासाठी हे परवडणारं नाही, लाटांची ती सलग सळसळ ५० लाच राहते. टाइमलाइन ५० ची ठेवण्याचं कारण हेच. माझ्या २५ च्या क्लिपची प्रत्येक फ्रेम दोनदा दिसते, त्याने काही बिघडत नाही. क्यूटीजीएमसी हे डीइंटरलेसचं दुसरं साधन याहून चांगलं आहे हे मान्य, पण त्याची मांडामांड आणि लागणारा वेळ बघता ते मोजक्या शॉटपुरतं राखून ठेवलंय.

फील्डचा क्रमही बघून घ्यायचा. डीव्हीत खालचं फील्ड आधी येतं, एचडीव्हीत वरचं. उलट लागला तर हलणारी वस्तू दोन पावलं पुढे, एक मागे अशी थरथरते. तपासायला कॅमेरा आडवा फिरतोय असा शॉट घ्यावा, स्थिर शॉटमध्ये काही कळत नाही.

मग पिक्सेलचा आकार. डीव्हीचे पिक्सेल चौरस नसतात. ४:३ च्या चित्रात ७२० ची रुंदी पसरून ७६८ व्हायला हवी. टेपांवरून उतरवलेल्या काही फायलींत हे सांगणारी खूणच नव्हती, त्यामुळे सगळं किंचित अरुंद दिसत होतं. सहा-साडेसहा टक्क्यांचा फरक, मला तरी चेहऱ्यांवरून जाणवला नसता. मामाने मात्र काठावर उभी केलेली स्वतःची सायकल बघितली आणि लगेच म्हणाला, “चाक उभट दिसतंय रे.” तेव्हापासून डीव्हीची प्रत्येक फाइल आधी त्या चाकावर तपासतो. फ्रेममध्ये गोल काही असेल तर त्याच्यासारखं मोजमाप नाही. ७६८×५७६ ला १.८७५ ने गुणलं की १४४०×१०८० येतं, म्हणजे दोन्ही बाजूंना २४०-२४० पिक्सेलच्या काळ्या पट्ट्या.

या पट्ट्या ठेवणार आहे. भरून काढायच्या तर वरखाली कापून ५७६ पैकी ४३२ ओळीच उरतात आणि ताण अडीच पटीवर जातो. आधीच गरीब असलेल्या चित्राचा एक चतुर्थांश भाग टाकून द्यायचा, तोही फक्त पडदा भरलेला दिसावा म्हणून? शिवाय मामाने आभाळ आणि पाणी दोन्ही मावेल अशी चौकट धरली होती.

चित्र ताणण्याच्या पद्धतींपैकी बायक्यूबिक. लांचोस कागदावर जास्त तीक्ष्ण असतो, पण त्या काळचे कॅमकॉर्डर स्वतःच कडा ठळक करत, बाभळीच्या फांदीभोवती पांढरी रेघ दिसते ती त्याचीच. लांचोस त्या रेघेशेजारी आणखी एक रेघ काढतो. मऊ ताणलेलं चित्र डोळा माफ करतो, कडांची झालर नाही करत. एआय अपस्केलरही (एआयने चित्र मोठं करणारी सॉफ्टवेअर) करून बघितले. चेहऱ्यांवर ठीक, पाण्यावर नाही: लाटांचं प्लॅस्टिक होतं आणि लांबच्या झाडीत नसलेली पानं उगवतात. तळ्याची नोंद म्हणून जी फिल्म करतोय, तिच्यात यंत्राने कल्पिलेली पानं नकोत.

रंगाचं एक छोटं पण महत्त्वाचं: एसडी (डीव्हीसारखं, एचडीपूर्वीचं) चित्र रेक. ६०१ या रंगमानकाच्या गणिताने साठवलेलं असतं आणि एचडी रेक. ७०९ ने. आकार वाढवताना हे रूपांतर केलं नाही, तर पुढचं सॉफ्टवेअर १०८० बघून ७०९ धरून चालतं आणि हिरवा-लाल जरासे सरकतात. मग ग्रेडिंगमध्ये (रंग जुळवताना) तासभर झगडूनही पाणी जुळत नाही. सगळं उरकलं की प्रोरेस या एडिटिंगच्या फॉरमॅटमध्ये साठवतो. जागा खातं, पण मूळ डीव्हीच तासाला सुमारे १३ जीबी असल्यामुळे सवय आहे.

एचडीव्हीने त्रास दिला नाही. १४४० च्या पिक्सेलची रुंदी-उंची ४:३, पसरवले की थेट १९२०. सॉफ्टवेअरला ते आपोआप कळलं. डीइंटरलेस केलं, संपलं.

फोनच्या क्लिपचा फ्रेम रेट स्थिर नसतो, ३० च्या आसपास वरखाली होतो आणि लांब शॉटमध्ये आवाज ओठांपासून सुटतो. हँडब्रेक या कन्व्हर्टरमधून स्थिर फ्रेम रेटवर काढून घेतल्या. ३० चे ५० करताना काही फ्रेम दोनदा आणि काही एकदाच दिसतात, चालत्या शॉटमध्ये बारीक अडखळ येते. जिथे खटकली तिथे शॉटच लहान केला.

उभ्या क्लिपबद्दल माझं मत ठाम आहे: मागे त्याच चित्राची धूसर, फुगवलेली प्रत लावायची नाही. १०८०×१९२० ची क्लिप आडव्या फ्रेममध्ये बसवली की जेमतेम ६०७ पिक्सेलची पट्टी उरते, आणि तिच्या दोन्ही बाजूंना हलणारा धुरकट रंग असेल तर नजर तिथेच जाते. मी दोन रस्ते वापरतोय. विषय फ्रेमच्या एका तृतीयांशात मावत असेल, तर रुंदी १९२० पर्यंत नेऊन हवा तेवढाच आडवा काप घेतो. ताण पडतो १.७८ पटीचा, म्हणजे डीव्हीच्या जवळपासचा, त्यामुळे त्याच्या शेजारी खपून जातो. नसेल मावत, तर साध्या काळ्यावर दोन-तीन उभ्या क्लिप शेजारी शेजारी. बगळा उडतानाच्या तीन क्लिप अशा लावल्यात आणि त्या आडव्या शॉटपेक्षा सरस झाल्यात.

फोटोंचं काही विशेष नाही. ६००० पिक्सेलची रुंदी असल्यामुळे सावकाश झूमला भरपूर वाव. सगळे आधी अर्ध्या आकाराचे करून घेतले, नाहीतर प्लेबॅक धापा टाकतो.

एवढं करूनही पहिला जोडलेला भाग बघताना मिररलेसवरून डीव्हीवर आलं की डोळ्यांवर पडदा पडल्यासारखं व्हायचं. डीव्हीला तीक्ष्ण करत गेलं तर ते कुरूप होतं, म्हणून उलटं केलं: मिररलेसच्या क्लिपना अगदी किंचित ब्लर. एकटी क्लिप बघताना कळतही नाही इतका. डीव्हीमधला ढेकळासारखा नॉइज ताणायच्या आधीच एनएलमीन्स फिल्टरने हलका काढला, कारण नंतर तो जवळपास दुप्पट आकाराचा होतो. आणि सगळ्यात वरच्या ट्रॅकवर १०८० मधल्या ग्रेनची (फिल्मसारख्या दाण्यांची) एकच क्लिप, ओव्हरले मोडमध्ये (खालच्या चित्रात मिसळून), फिल्मभर. ग्रेन सगळ्या स्केलिंगनंतरच हवा. सगळीकडे दाणा एकाच आकाराचा दिसला की मेंदू ते चित्र एकाच जातीचं समजतो. या एका ट्रॅकने जितका फरक पडला, तितका बाकीच्या सगळ्या खटपटीने पडला नाही.

क्रमही थोडा बदलला. डीव्ही आणि मिररलेस थेट भिडतात अशा जागा शोधून मध्ये एचडीव्ही किंवा फोटो घातला. दोन ठिकाणी तेही जमत नाही, कारण तिथे एकाच दगडापाशी घेतलेले जुना आणि नवा शॉट एकमेकांत विरघळायला हवेत. सध्या त्यातल्या पहिल्यावर काम चालू आहे. नवा शॉट सुरुवातीला १४४० रुंदीच्या मास्कमध्ये (बाहेरचं झाकणारी चौकट) ठेवायचा, म्हणजे पट्ट्या जशाच्या तशा राहतील, दगड दगडावर बसवायचा आणि डिझॉल्व्ह पूर्ण झाल्यावर मास्क दोन्ही बाजूंना उघडायचा. दगड बसतोय, पण पलीकडचा काठ बसत नाही. मामाची लेन्स माझ्यापेक्षा लांबची होती आणि तो नक्की कुठे उभा होता हे आता पाण्याच्या पातळीवरून ओळखणं अवघड आहे. एकतर पलीकडचा काठ सोडून द्यायचा, किंवा मागे सरकून लांब लेन्सने पुन्हा शूट करायचं. पाऊस संपला की दुसरं करणार, तोवर ग्रेनसकट एक्सपोर्टचा बिटरेट (सेकंदाला लागणारा डेटा) किती लागतो ते तपासत बसतो. ग्रेन कॉम्प्रेशनला फार महाग पडतो आणि कमी बिटरेटला त्याचेच चौकोन होतात.