आमची वाटचाल : चेसापीकच्या काठावरचं बदक-सफाईचं दुकान

आमचा धंदा बदकं विकण्याचा नाही. नातेवाईक अजूनही तसंच समजतात, म्हणून आधीच सांगून टाकतो. अमेरिकेत रानबदक विकायला १९१८च्या कायद्यापासून बंदी आहे. शिकारी बदक मारून आमच्याकडे टाकतो. आम्ही पिसं काढून, पोट साफ करून त्याचंच बदक त्याला परत देतो आणि मजुरी घेतो. त्याचंच बदक त्याला, एवढ्या भरवशावर दुकान उभं आहे. त्याच भरवशावर घाव घालून ते बुडवायचा प्रयत्न झाला, म्हणून हे लिहितोय.

दुकान मेरीलँडमध्ये, चेसापीक उपसागराच्या पूर्व काठावर. सुरुवातीला मी, सौ. आणि रबरी बोटांचा एक जुना ड्रम. ड्रम मोठी पिसं झटक्यात उडवतो, पण खालची लव काही काढत नाही. तिला पॅराफिन मेणच लागतं. गरम पाण्यावर तरंगणाऱ्या मेणात बदक बुडवायचं, लगेच गार पाण्यात धरायचं आणि मेण कडक झालं की सोलून काढायचं. मेण फार तापलं तर थर पातळ बसतो नि लव मागे राहते. कमी तापलं तर जाड बसतो आणि लवेला नीट न चिकटता सुटून येतो. सौ.ला मेणाच्या नुसत्या हलण्यावरून ते कळतं. आमच्याकडे थर्मामीटर आहे, पण तो कामगारांसाठी.

तो ड्रम कॅप्टननी दिला होता. हयात शिंपल्यांच्या बोटीवर गेलेला माणूस, हिवाळ्यात देवदाराचे डिकॉय, म्हणजे रानबदकांना भुलवायची लाकडी बदकं, कोरायचा. आमचं पहिलं गिऱ्हाईक तेच आणि खरं तर पहिले भागीदारही तेच, फक्त कागदावर नाव घालू दिलं नाही. बदक कसं ओळखायचं ते त्यांनी शिकवलं. मॅलार्ड तोंडानं हाक मारली की वळतं. पिनटेल डिकॉयवर घिरट्यांवर घिरट्या घालतं आणि माणूस ब्लाइंडमध्ये, म्हणजे लपायच्या आडोशात, जरा हलला की गेलंच. टील म्हणजे मूठभर पक्षी, जेमतेम साडेतीनशे ग्रॅम, पण थवा असा वाकडातिकडा उडतो की चांगल्या चांगल्यांचे छर्रे हवेत जातात. कॅनव्हासबॅक सव्वा किलोच्या आसपास भरतं, वेग जबरदस्त, आणि येतं ते सरळ येतं. बंदुकीच्या मजेला मी टील पहिलं धरतो, पिनटेल दुसरं. ताटातही टीलच पहिलं. कॅप्टन मॅलार्डच्या बाजूचे होते, तेही मक्याच्या शेतातून आलेल्या. गॅडवॉलला लोक उगाच नाक मुरडतात.

पण बदकाची चव जातीवर ठरत नाही, त्यानं काय खाल्लं त्यावर ठरते. आमच्यावर संकट आलं ते नेमकं हे न कळणाऱ्यांमुळे.

एका डिसेंबरात शहरातली एक मंडळी कॅनव्हासबॅक घेऊन आली. एकोणिसाव्या शतकात बड्या हॉटेलांमध्ये या बदकाचा काय मान होता, ते सगळं त्यांना पाठ. आम्ही साफ करून, एकेक पंख अंगालाच ठेवून, चिठ्ठीसकट दिली. चार दिवसांनी फोन : मांसाला चिखलाचा वास येतो, आमची कॅनव्हासबॅक ठेवून घेऊन तुम्ही ब्लूबिल नावाची हलकी बदकं दिलीत.

त्याच रस्त्यावर त्याच हंगामात एक नवं दुकान उघडलं होतं. तिथं पिसं काढायचं नावच नाही. छातीला सुरी घालून दोन तुकडे काढायचे, पिशवीत भरायचे, बाकीचं बदक कचऱ्यात. कातडी नाही, पंख नाही, मग कुणाचं बदक कुणाकडे गेलं कोण सांगणार? आणि त्याच मालकानं बोटीच्या धक्क्यावर उभं राहून सांगितलं की हा माणूस बदकं बदलतो. शिकाऱ्यांना पाण्यावर नेणाऱ्या गाइड लोकांनी आमच्याकडे पाठवणं बंद केलं. शीतगृहाचा हप्ता डोक्यावर आणि आत रिकाम्या फळ्या. सरकारी तपासनीस येऊन गेले. कोणती बदकं, किती, कुठं मारली, कुणी आणली, कधी परत नेली, सगळं वहीत होतं; एक ओळ चुकलेली निघाली नाही. पण वही वाचायला गिऱ्हाईक येत नाही.

तेव्हा कॅप्टन उठले. त्याच पाण्यावर जाऊन स्वतः कॅनव्हासबॅक मारून आणलं आणि चार गाइडांना दुकानात बोलावलं. आधी पंख उघडून दाखवला : ब्लूबिलच्या पंखावर पांढरा पट्टा असतो, यावर नुसता राखाडी रंग. मग पेटा चिरला. आत बारीक तिसऱ्यांच्या कवचांचा भुगा. कधीकाळी ही बदकं वाइल्ड सेलरी या पाणगवताचे पाण्याखालचे कोंब खायची, म्हणून ती गोड लागायची. १९७२च्या अ‍ॅग्नेस वादळानं उपसागरात गाळ ओतला, आधीच खंगत चाललेलं गवत मेलं आणि कॅनव्हासबॅक तिसऱ्यांवर आलं. उपसागराच्या उत्तर टोकाच्या उथळ पाण्यात, सस्क्वेहाना फ्लॅट्सवर, गवत बरंच परतलंय, तिथलं बदक आणा आणि मग चव बोला. ब्लूबिल तिसऱ्या खातं म्हणून वास मारतं. तेच खाणारं कॅनव्हासबॅक वेगळं कसं लागेल?

गाइड परत आले. पुढची वर्षं ठीक गेली. ते दुकान दोन हंगामांत बंद पडलं. त्या शहरी मंडळींनी मात्र आजवर एका शब्दानं माफी मागितलेली नाही, आणि ते मी विसरलेलो नाही.

आता बदकं आणणाऱ्यांना सांगतो. मारलेली बदकं प्लास्टिकच्या पिशवीत एकावर एक कोंबू नका. ऊब राहते आणि आतड्याचा वास मांसात उतरतो. सुटी सुटी ठेवा, वारा लागू द्या. शिशाचे छर्रे १९९१पासून बंद आहेत. स्टील हलकं, म्हणून शिशापेक्षा दोन आकार मोठं घ्या आणि लांबून मारू नका. जखमी बदक लव्हाळ्यात जाऊन मरतं, कुणाच्याच कामी येत नाही. घरी साफ करत असाल तर शेपटीवरची तेलाची गाठ आधी कापा. चिठ्ठीवर सही, पत्ता, तारीख, जात आणि संख्या असल्याशिवाय आम्ही बदक आत घेत नाही, ओळख कितीही जुनी असो. ब्लूबिल आणि मासेखाऊ मर्गेन्सर बदकांची आम्ही कातडी नि चरबी दोन्ही काढून देतो, कारण वास चरबीत असतो. टीलची कातडी काढायला सांगाल तर मात्र दुसरं दुकान बघा.