ओडेन्सेतला अँडरसन मुलांना दाखवायचा तर

कोपनहेगनच्या धक्क्यावरच्या जलपरीच्या पुतळ्याशेजारी फोटो काढला की डेन्मार्कचा परीकथाकार हान्स क्रिश्चन अँडरसन उरकला, असं बऱ्याच सहलींचं होतं. मुलं बरोबर असतील तर एक पूर्ण दिवस काढून ओडेन्सेला जा. त्याचा जन्म तिथला, १८०५ सालचा. रेल्वेने सव्वा ते दीड तास लागतो. एका मोठ्या माणसाच्या तिकिटावर १२ वर्षांखालची दोन मुलं फुकट जातात, पण बसायला जागा नक्की हवी असेल तर ती वेगळी राखून ठेवावी लागते. वाटेत गाडी आधी समुद्राखालच्या बोगद्यात शिरते आणि मग पुलावर निघते. तेवढ्या वेळापुरते मोबाइल खाली ठेवायला लावा.

स्टेशनपासून अँडरसनचं संग्रहालय चालत दहाएक मिनिटांवर आहे. रस्ता ओलांडताना सिग्नलकडे बघा: काही ठिकाणी नेहमीच्या लाल-हिरव्या माणसाऐवजी उंच टोपी आणि काठीवाला अँडरसन दिसतो. पत्ता विचारायची वेळ आलीच तर ‘हान्स क्रिश्चन’ म्हणू नका. डॅनिश लोक त्याला आद्याक्षरांनीच ओळखतात, ‘हो से’ (म्हणजे एच. सी.) अँडरसन.

संग्रहालयाची नवी इमारत केंगो कुमा या जपानी वास्तुरचनाकाराची, २०२१ साली उघडलेली. तिचा सुमारे दोन तृतीयांश भाग जमिनीखाली आहे, त्यामुळे वर कुंपणाच्या वळणावळणाच्या हिरव्या भिंतीच जास्त दिसतात. तिकीट ठरावीक वेळेचं असतं, ते आधीच ऑनलाइन काढा.

आत गेल्यावर बहुतेकांची फसगत एकाच ठिकाणी होते. इथे कुणी गोष्ट ‘एक होता राजा’पासून सांगत नाही. गोष्ट तुम्हाला माहीत आहे असं धरून तिचा एखादा तुकडा आवाज, प्रकाश आणि वस्तूंमधून समोर येतो. कानातलं यंत्र तुम्ही जिथे उभे असाल तिथला आवाज आपोआप सुरू करतं. मूल धावत पुढे गेलं की वाक्य मध्येच तुटतं, आणि मग ‘काही कळत नाही’ची भुणभुण सुरू होते. शिवाय निवेदन इंग्रजीत ऐकावं लागतं, ते सात-आठ वर्षांखालच्या मुलांना जड जातं. लहानग्यांचं यंत्र सरळ काढून ठेवा आणि हळू आवाजात मराठीत सांगा.

त्यासाठी चार-पाच गोष्टी घरूनच सांगून न्या: वाटाण्यावर झोपलेली राजकन्या, राजाचे नवे कपडे, चकमकीची डबी, काडेपेट्या विकणारी मुलगी. बदकाच्या कुरूप पिल्लाची वेगळी तयारी नको, गदिमांच्या ‘एका तळ्यात होती’मुळे ते आपल्याकडे आधीच पोहोचलंय. जलपरीचा शेवट मात्र मूळचा सांगा. डिस्नेच्या सिनेमात तिचं लग्न होतं. अँडरसनच्या १८३७ सालच्या गोष्टीत राजपुत्र दुसरीशी लग्न करतो आणि ती समुद्राचा फेस होते. हे ऐनवेळी कळलं तर रडारड होऊ शकते.

कागदी कातरकामापाशी मात्र घाई करू नका. अँडरसन गोष्ट सांगता सांगता दुमडलेला कागद मोठ्या कात्रीने कापत जायचा आणि शेवटी उलगडून दाखवायचा. हंस, नर्तकी, फासावर लटकलेला माणूस, सगळं एकाच कागदात. नीट बघितलं तर मधली घडी आणि दोन्हीकडचा आरशासारखा सारखेपणा ओळखू येतो. आदल्या रात्री मुलांकडून एक कागद मधोमध दुमडून अर्धा माणूस कापून घ्या. मग तिथे त्यांचे पाय आपोआप थांबतात. अँडरसनचा दोरही शोधायला सांगा. हॉटेलला आग लागली तर खिडकीतून उतरता यावं म्हणून तो प्रवासात जवळ बाळगायचा.

‘व्हिले वाऊ’ हा मुलांचा विभाग शेवटी ठेवा. तिथे वेषभूषा करून गोष्टींच्या जगात खेळायचं असतं. आधी तिथे नेलंत तर बाकीचं संग्रहालय विसरा. त्याचीही वेळ तिकिटाबरोबरच बघून ठेवा. एकूण तीन तास धरा.

अंगात त्राण उरलं तर मुंकेमोलेस्ट्रेडमधलं त्याचं बालपणीचं घर बघा. चांभार बाप, आई आणि पोरगा एका खोलीत राहायचे, त्यामुळे बघून व्हायला पंधरा मिनिटं पुरतात. जवळच सेंट क्नुड चर्च आहे. १८१९ साली तिथल्या धार्मिक विधीसाठी अँडरसनला आयुष्यातले पहिले बूट मिळाले होते. ते चालताना करकरायचे, आणि नवे आहेत हे सगळ्यांना ऐकू जातंय याचाच त्याला आनंद झाला होता.