बीपीच्या गोळ्या आणि मंदावलेली नाडी

मशीनवर बीपी 128/78 आणि खालच्या ओळीत पल्स 52. बीपी छान आलेलं असतं, पण पल्सचा आकडा बघून घरात घबराट होते आणि कुणीतरी म्हणतं, "आजची गोळी राहू दे." तेवढं मात्र करू नका. आधी स्ट्रिप उलटी करा आणि मागची बारीक अक्षरं वाचा.

बीपीची प्रत्येक गोळी ठोके कमी करत नाही. टेल्मिसार्टन, रामिप्रिल किंवा लघवी वाढवणाऱ्या गोळ्या नाडीला थेट हात लावत नाहीत. ॲम्लोडिपिननं तर काहींचे ठोके थोडे वाढतातच. नाडी मंदावते ती मुख्यतः नावाच्या शेवटी 'लॉल' असलेल्या बीटा ब्लॉकर गोळ्यांनी: ॲटेनोलॉल, मेटोप्रोलॉल, बिसोप्रोलॉल. डिल्टियाझेम, व्हेरापामिल आणि क्लोनिडिन बीटा ब्लॉकर नाहीत, पण नाडी तीही मंदावतात. आपल्याकडे एका गोळीत दोन औषधं सर्रास असतात. ॲम्लोडिपिनसोबत ॲटेनोलॉल, टेल्मिसार्टनसोबत मेटोप्रोलॉल. एका डॉक्टरांनी अशी जोडगोळी दिलेली असते, दुसऱ्यांनी हृदयासाठी वेगळं मेटोप्रोलॉल लिहिलेलं असतं. दोन्ही स्ट्रिपवरची मोठी नावं वेगळी, म्हणून डोस वाढलाय हे कुणाच्या ध्यानातच येत नाही. काचबिंदूचे टिमोलॉल थेंबही बीटा ब्लॉकरच असतात. ते नाकात उतरून रक्तात जातात. थेंब टाकल्यावर डोळा मिटून नाकाजवळचा कोपरा दोन मिनिटं दाबून धरला, की रक्तात कमी उतरतात.

आकडा खरा आहे का, हेही बघायला हवं. पाच मिनिटं शांत बसा, अंगठ्याच्या बाजूला मनगटावर दोन बोटं ठेवा आणि पूर्ण 60 सेकंद मोजा. पंधरा सेकंद मोजून चारनं गुणलं, तर एका ठोक्याची चूक चारची होते. ठोके मध्येच चुकत असतील तर मशीन आणि बोट दोन्ही फसतात. आगाऊ पडलेला अशक्त ठोका मनगटापर्यंत पोचतच नाही. अशा वेळी मशीन 40 दाखवतं आणि ईसीजीत ठोके 80 निघू शकतात. त्यामुळे नाडी अनियमित लागली, तर ईसीजीशिवाय निष्कर्ष काढू नये.

सोलापूरच्या एप्रिल-मेमध्ये इकडे जास्तच लक्ष हवं. पारा 42-43 वर, यंत्रमागाच्या शेडमध्ये त्याहून उकाडा, घाम भरपूर आणि पाणी कमी. त्यात जुलाब लागले, तर किडनीवर ताण येतो. ॲटेनोलॉल मुख्यतः किडनीवाटेच बाहेर पडतं, त्यामुळे ते अंगात साठतं आणि वर्षानुवर्षं सोसलेला डोस अचानक जड होतो. किडनी अधू असताना टेल्मिसार्टन किंवा स्पायरोनोलॅक्टोन चालू असेल, तर पोटॅशियमही चढतं आणि ठोके आणखी मंदावतात. बीपी निघालं म्हणून घरात आणलेलं 'लो सोडियम' मीठ म्हणजे बऱ्याचदा पोटॅशियम क्लोराइडची भर, हे फार थोड्यांना ठाऊक असतं. रोजचं शहाळंही अशांनी विचारूनच घ्यावं.

बीटा ब्लॉकर चालू असताना पल्स 50 ते 60, आणि जिना चढताना दम नाही, चक्कर नाही, तर बहुधा औषध आपलं काम करतंय. हार्ट अटॅकनंतर डॉक्टर मुद्दाम ठोके 60 च्या आसपास ठेवतात. 50 च्या खाली उतरून भोवळ, नेहमीच्या कामालाही थकवा किंवा धाप असेल, तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. शुद्ध हरपली, छातीत दुखलं, किंवा पल्स 40 च्या खाली राहून माणूस गळून गेला, तर 108 ला फोन करा. साखरेच्या रुग्णांनी आणखी एक ध्यानात ठेवावं. साखर उतरल्यावर होणारी धडधड या गोळ्या झाकतात, घाम मात्र सुटतो. दरदरून घाम आला की साखर तपासा.

बीटा ब्लॉकर मनानं एकदम बंद केलं, तर दडपलेले ठोके उसळतात, बीपी चढतं, आणि ज्यांच्या हृदयाच्या नळ्या अरुंद आहेत त्यांना अटॅकही येऊ शकतो. क्लोनिडिन अचानक सोडलं तर बीपी भयंकर भडकतं. डोस उतरवायचा तो डॉक्टरांच्या सांगण्यावरून, टप्प्याटप्प्यानं. 'एक्सएल' किंवा 'ईआर' लिहिलेली, म्हणजे हळूहळू औषध सोडणारी गोळी चुरून देऊ नका. दिवसभराचा डोस एकाच वेळी अंगात उतरतो.

डॉक्टरांकडे जाताना सगळ्या स्ट्रिप आणि डोळ्यांचे थेंब पिशवीत घाला. आठवडाभराचं बीपी आणि पल्स वेळेसकट लिहून न्या, गोळी किती वाजता घेतली तेही शेजारी लिहा. ईसीजी, किडनीसाठी क्रिएटिनिन, पोटॅशियम आणि थायरॉइडसाठी टीएसएच करायला हवं का, हे स्वतःहून विचारा. थायरॉइड मंद असेल तरी नाडी मंदावते, आणि दोष गोळीच्या माथी जातो.