सुटायचं कुठल्या बाजूने?

टेबलावरच्या खेळांसाठी मी थ्रीडी प्रिंटरवर फरश्या आणि भिंती काढतो. फरशी ५० मिलिमीटरची चौकोनी, भिंत तेवढीच उंच. जोडत गेलं की खोल्या, बोळ, तळघरं. खेळ संपला की सगळं सुटं करून डब्यात. घट्ट बसणाऱ्या जोडाचे नमुने हवे तेवढे मिळतात. सुटण्याचा विचार केलेला जोड मात्र शोधावा लागतो.

मी आधी एवढंच ठरवतो: खेळताना पटाला कुठून धक्के बसतील? हात लागतो, टेबल हलतं, कुणी पट सरकवतं. हे सगळे धक्के आडवे. म्हणून आडवी ओढ जोडाने सोसायची आणि सुटायचं ते फक्त वर उचलल्यावर. डव्हटेल, म्हणजे टोकाला रुंद होत जाणारी जीभ तशाच आकाराच्या खाचेत बसते तो जोड, वरून खाली बसवला की हे जमतं. पण त्याच्या कडा सरळ उभ्या असतील तर फरशी पूर्ण बाहेर येईपर्यंत घासत राहते, आणि मधल्या फरशीला तर चारही बाजूंनी. कडांना उतार दिला की फरशी जराशी वर येताच चारही बाजू एकदम मोकळ्या होतात.

उतार कमी ठेवायचा मोह टाळावा. ड्रिल मशीनमधला मोर्स टेपर, म्हणजे हत्यार धरणारा निमुळता दांडा, एका बाजूला जेमतेम दीड अंशाचा असतो, आणि तो असतोच मुळी घट्ट पकडण्यासाठी! मी ५ ते ८ अंश ठेवतो, आणि वरून येणारा दाब उतारावर न येता खालच्या सपाट टेकूवर येईल असं बघतो. नाहीतर कुणीतरी जोरात दाबतं आणि फरशी पाचरीसारखी रुतते.

फट प्रत्येक बाजूला ०.२ मिलिमीटर. प्रिंटचा पहिला थर दाबला जाऊन बाहेर फुगतो, म्हणून खालची कड अर्धा मिलिमीटर छाटलेली.  

चुंबकांबद्दल लोक नेहमी विचारतात. सरळ ओढलं तर चुंबक चांगला धरतो, पण बाजूला सरकवलं की त्यापेक्षा बऱ्याच कमी जोरात सुटतो. शिवाय ध्रुव सांभाळायची कटकट वेगळीच. मला ते आवडत नाहीत, एवढंच.

खरी गंमत भिंतीत आहे. तिच्या बाहेरच्या कडेला आकडा आहे, तो फरशीच्या ओठाखाली अडकतो. आतल्या कडेला लवचीक स्नॅप, म्हणजे वाकून आत शिरणारी आणि मग अडकणारी दांडी. स्नॅपच्या टोकाचा आत शिरतानाचा उतार साधारण ३० अंश आणि बाहेर येतानाचा ४५. तो ९० केला तर जोड कायमचा, मग मोडूनच काढा. स्नॅपची दांडी दुप्पट लांब केली की तेवढ्याच वाकण्याला तिच्या मुळाशी येणारा ताण चौथा हिस्सा होतो, त्यामुळे जागा असेल तितकी लांब दांडी. ती प्रिंटरच्या बेडवर, म्हणजे सपाट पाटावर, आडवी प्रिंट करावी. उभी केली तर थरांमध्ये तुटते. आणि भिंत बसल्यावर दांडी पूर्ण सरळ व्हायला हवी, कारण पीएलए (प्रिंटचं प्लास्टिक) सतत वाकलेलं राहिलं की तसंच होऊन बसतं आणि पकड जाते.

भिंत बाहेर कलवली की तिची उंचीच तरफेचं काम करते. तळ १० मिलिमीटर रुंद असल्यामुळे वरच्या टोकाला थोडा जोर पुरतो. तीच भिंत सरळ वर ओढली तर स्नॅप धरून ठेवतो आणि सोबत फरशी उचलली जाते. म्हणजे भिंत हीच मूठ. त्यासाठी फरशी-फरशीचा जोड भिंतीच्या जोडापेक्षा सैल लागतो.

ज्या फरशीला भिंतच नाही, तिच्या तळाची एक बाजू थोडी तासलेली आहे. त्या बाजूला वरून दाबलं की समोरची कड वर येते आणि नख घालता येतं.

कोपऱ्यात मात्र अडचण. काटकोनात जोडलेल्या दोन भिंती एकमेकींना कलू देत नाहीत. म्हणून कोपऱ्याला वेगळा खांब, तो नुसता वर उचलायचा. आधी खांब, मग भिंती, शेवटी फरश्या. पहिल्यांदा खेळायला येणारे हमखास भिंतीलाच हात घालतात, म्हणून खांबाचा माथा भिंतीपेक्षा बोटभर उंच आणि वेगळ्या रंगाचा केलाय.