दहापैकी किती?

ठाण्याच्या वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्यात मी बत्तीस वर्षं स्टोअरकीपर होतो. नटबोल्ट आणि बेअरिंगं मोजण्यातच सगळी नोकरी सरली. त्यामुळे तळपायांच्या आगीला रोज रात्री 0 ते 10 मधला एक आकडा द्यायचा, असं नव्या औषधाच्या ट्रायलवाल्या, म्हणजे चाचणीवाल्या, ताईंनी सांगितलं तेव्हा मनात म्हटलं, हे तर आपलंच काम. फजिती नेमकी तिथेच झाली.

मधुमेह पंधरा वर्षांचा. आधी बोटांना मुंग्या, मग बधिरपणा, मग रात्री अशी आग की पाय चादरीबाहेर काढून थंड फरशीला टेकवायचे. प्रीगाबालिन या नसांच्या दुखण्यावरच्या औषधाने थोडा उतार पडला, पण दिवसभर डोळ्यांवर झापड. नौपाड्यातल्या आमच्या डॉक्टरांनीच सांगितलं, नवी मुंबईतल्या एका हॉस्पिटलात या दुखण्यावरच्या नव्या औषधाची ट्रायल चालू आहे, विचारून तर बघा. बायको म्हणाली, "तुम्हाला काय उंदीर समजलेत?" मुलीने मात्र क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्रीत नाव शोधलं. आयसीएमआरची, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची, ही नोंदणी 2007 मध्ये सुरू झाली आणि 15 जून 2009 पासून औषधाच्या ट्रायलला ती सक्तीची आहे. नोंद सापडली आणि घरातला विरोध निम्म्यावर आला.

माहितीपत्रक एकवीस पानांचं, मराठीत. म्हणजे अक्षरं मराठी. 'यादृच्छिक वाटप' या शब्दापाशी मी अडकलो. ताई म्हणाल्या, "काका, छापा-काटा. फक्त नाणं कॉम्प्युटर उडवतो." कुणाला औषध, कुणाला तशीच दिसणारी रिकामी गोळी, मला, त्यांना आणि डॉक्टरांना, तिघांनाही पत्ता नाही. ट्रायलमुळे काही अपाय झाला तर उपचार फुकट आणि भरपाई, हे औषधांच्या ट्रायलच्या 2019 च्या नियमांत आहे. कारण न देता कधीही बाहेर पडता येतं, नेहमीच्या उपचारांना धक्का लागत नाही. शेवटच्या पानावर एथिक्स कमिटीचा, म्हणजे ट्रायलमधल्या माणसांच्या हितावर लक्ष ठेवणाऱ्या समितीचा, फोन. या कमिटीत किमान सात जण लागतात, त्यात एक कायदा जाणणारा आणि एक अगदी सामान्य माणूस, ज्याचा वैद्यकाशी संबंध नाही. मला त्या सामान्य माणसाचा आधार वाटला. कागद घरी नेले, चार दिवस वाचले, मग सही केली. सही केलेली एक प्रत आपल्याला मिळते. मागायला लाजू नका.

तपासण्या मजेशीर होत्या. डोळे मिटायचे आणि नायलॉनचा दोरा तळव्याला टेकला की सांगायचं. तो वाकेपर्यंत दाबला की बरोबर 10 ग्रॅमचा भार पडतो. उजव्या अंगठ्याखाली मला तो कळलाच नाही. मग 128 हर्ट्झचा थरथरणारा चिमटा, म्हणजे ट्यूनिंग फोर्क, अंगठ्याच्या हाडावर. मग घोट्याच्या बीपीला दंडाच्या बीपीने भागायचं: 0.9 किंवा त्याखाली आला तर पायाच्या रक्तवाहिन्या अरुंद झाल्याचा संशय. मधुमेहात या वाहिन्या कडक झाल्या तर आकडा खोटाच जास्त येतो, म्हणून रक्तप्रवाह बघणारा डॉपलरही केला. दुखणं रक्ताचं की नसांचं हे आधी वेगळं करायला हवं, शिवाय नसांना पोसणाऱ्या बारीक वाहिन्याही मधुमेहात बिघडतात, असं डॉक्टर म्हणाले. एनसीव्हीत, म्हणजे नसांतून संदेश किती वेगाने जातो त्या तपासणीत, विजेचे टिचके बसतात. त्यात फक्त जाड नसा मोजल्या जातात. आग पेटवणाऱ्या बारीक नसा त्या यंत्राला दिसतच नाहीत. रिपोर्ट नॉर्मल आला म्हणून "तुम्हाला काही नाही" असं ऐकलेले कितीतरी लोक मला तिथल्या बाकड्यावर भेटले.

सगळ्यात वाईट पंधरवडा औषध सोडण्याचा. प्रीगाबालिन हळूहळू उतरवून बंद, मग कोरा आठवडा. लागलंच तर पॅरासिटामॉल, बाकी काही नाही. ठाण्याच्या नऊ-दहा नंबर फलाटावर उभा राहून नवी मुंबईला जाणाऱ्या ट्रान्स-हार्बर लोकलची वाट बघताना चपलेतून पाय काढून घ्यायचो. प्रवासखर्चाचे पैसे दोन महिने उशिरा मिळाले, तेही तीनदा विचारल्यावर. लाखो रुपयांच्या ट्रायलमध्ये पेन्शनरच्या तिकिटासाठी एवढा उशीर का, हे मला अजून उमगलेलं नाही.

आणि तो आकडा. रात्री दोनला 9, सकाळी चहाच्या वेळी 3, तर मग चोवीस तासांचा काय लिहायचा? मी 6 लिहिला की बायको म्हणायची, "रात्रभर कण्हत होतात आणि सहा?" त्यात डॉक्टर इतक्या आपुलकीने विचारायचे की 7 सांगताना अपराधी वाटायचं. शेवटी ताईंना हे बोलून टाकलं. त्या म्हणाल्या, "काका, आम्हाला बरं वाटावं म्हणून आकडा लिहू नका. रिकाम्या गोळीनेही पुष्कळांचं दुखणं कमी होतं. त्यात तुमचा भिडस्तपणा मिसळला तर खरं काय ते कसं कळणार?" त्या दिवसापासून मी जुन्या पानांना क्लिप लावली. काल किती लिहिलं ते दिसायलाच नको. रात्री नऊच्या बातम्या संपल्या की लिहायचं.

मला औषध मिळालं की रिकामी गोळी, अजून माहीत नाही. सगळ्या केंद्रांवरचे लोक पुरे होईपर्यंत ते उघडत नाहीत. सध्या मी 5 च्या आसपास आहे.

शेवटच्या भेटीत ताईंनी उरलेल्या गोळ्या मोजल्या. साठ दिल्या होत्या, अठ्ठावीस दिवस, रोज दोन. चार उरायला हव्या होत्या, निघाल्या सहा. डायरीत मात्र सगळ्या खुणा पूर्ण. डोंबिवलीच्या लग्नात डबी घरी राहिली होती आणि दुसऱ्या दिवशी मी एकदम रांगेने बरोबरच्या खुणा मारल्या होत्या. स्टोअरमध्ये असं करणाऱ्या पोरांना मी फैलावर घ्यायचो. मी व्हाइटनर मागितलं. "अहो, नाही नाही," ताई म्हणाल्या, "एक आडवी रेघ, खालचं वाचता आलं पाहिजे, बाजूला सही आणि तारीख." स्टोअरमधल्या आमच्या मालनोंदीच्या कार्डालाही, 'बिन कार्डा'लाही, हाच नियम होता. त्या दोन खुणांवर रेघ ओढली, शेजारी 'घेतल्या नाहीत' लिहिलं आणि सही केली.